ये, पण सत्तावीस डिसेंबरनंतर

रवि. १६ नोव्हेंबर

आज आमच्या लग्नाची पहिली पुकार झाली. उपदेशाआधी पाळकसाहेबांनी सावकाश चष्मा पुसला. मला वाटलं विसरले बहुतेक. आणि मग एकदम माझं नि सुहासचं अख्खं नाव, बापाच्या नावासकट, ही नांदेड मंडळीची, तो अहमदपूर मंडळीचा. 'या दोघांच्या विवाहास कोणाची हरकत असल्यास आताच सांगावे.' मग ती शांतता. आमच्या चर्चमध्ये एरवी मयतीलासुद्धा एवढं गप्प कोणी बसत नाही. मागून दानिएलकाका खोकले आणि सगळे हसले. मम्मीने मला कोपर मारलं, कारण मीही हसले. नवरीने खाली बघायचं असतं म्हणे.

तिकडे अहमदपूरलाही वाचली. दोन्ही मंडळ्यांत, म्हणजे दोन्हीकडच्या चर्चमध्ये, तीन-तीन रविवार झाले की सत्तावीस डिसेंबरला लग्न. नाताळचे दिवे तसेच ठेवायचे, मंडपाची निम्मी सजावट आयती.

संध्याकाळी सु.चा फोन. वाटलं पुकारीचं विचारेल, कोण हसलं, कोण रडलं. म्हणाला, "एक व्हिडिओ पाठवलाय. शेवटपर्यंत बघ." पाऊण तासाचा आहे. होणाऱ्या बायकोला पाठवायला याला हेच सापडलं. बघितला नाही.

मंगळ. १८

बघितला. लॅबमध्ये, डबा खाता खाता. हिंदीत बोलणारा कोणी ब्रदर, मागे जळणारी पृथ्वी. युद्धं, पूर, लाल चंद्र, सगळ्याची बेरीज करत करत तो येतो २९ नोव्हेंबरवर. शनिवार. सूर्य मावळायच्या आत प्रभू येणार, आपली माणसं उचलून नेणार, बाकीचे मागे राहणार. मागे राहिलेल्यांचं काय होणार ते तो फार चवीने सांगतो.

प्रज्ञाताई खांद्यावरून बघत होती. आमच्या लॅबमधली सीनियर, बौद्ध, तोंडाला कुलूप नाही. म्हणाली, "म्हंजे तुम्ही समदे शनिवारी जानार? मग तुझी ड्युटी कोन करायलंय? मी न्हाई करनार, आधीच सांगते." खूप हसलो. मग डेंग्यूचे सॅम्पल आले ढीगभर आणि विषय गेला.

गेला म्हणजे, माझ्या डोक्यातून नाही गेला. सु.ला मेसेज केला, हे तू खरं मानतोस का? त्याने लिहिलं, 'प्रार्थना कर म्हणजे कळेल.'

बुध. १९

जेवताना मीच विषय काढला. पप्पा रेल्वेतून रिटायर झाल्यापासून कुठलीच बातमी घाईने ऐकत नाहीत. भाकरी मोडता मोडता म्हणाले, "भूकंप झाला तव्हा मी लातूरला ड्युटीला होतो. त्याच्यानंतर कितीतरी दिवस लोक अंगनात झोपायचे. रोज कुनीतरी यायचं सांगत, आज रात्री पुन्हा येनार. बाया लेकरं उराशी धरून रडायच्या. जो आला तो सांगून आला न्हाई, अन् सांगितलेला एकबी आला न्हाई."

मम्मी म्हणाली, "प्रभूच्या गोष्टीत तुमचा भूकंप नका आणू."

म्हणजे तिनेही बघितलाय. महिला मंडळाच्या ग्रुपवर फिरतोय. ओट्याखाली मेणबत्त्यांचे पुडे आहेत, मी विचारलं नाताळच्या का, तर ती उठून भांडी घासायला गेली.

शुक्र. २१

दुपारी मावशींचा फोन, सुहासच्या आईचा. रडत होत्या. सु. चार दिवसांपासून पाण्याचे जार फुकट वाटतोय. त्याचा आरओचा प्लांट आहे, अहमदपूरच्या बसस्टँडमागे. वडील गेल्यावर घर त्यावरच चालतंय. दुकानाबाहेर पाटी लावलीये, 'जीवनाचे पाणी फुकट घ्या.' लोक काय, घागरी, ड्रम, कॅन घेऊन रांगेत. कोणी तर बैल धुवायला नेतंय म्हणे.

मावशी म्हणाल्या, "माय, तूच सांग त्याला. माझं तर ऐकंना गेलाय. खायना, झोपंना."

मी चिडले. पण खरं सांगायचं तर, ऐकताना एक क्षण बरंही वाटलं. जग बुडणार म्हटल्यावर माणसं काय काय करतात, आणि हा पाणी वाटतोय. असा आहे तो. म्हणूनच तर हो म्हटलं होतं.

मग परत चिडले.

रवि. २३

दुसरी पुकार. 'कोणाची हरकत असल्यास' म्हणताच दानिएलकाका उभेच राहिले. ते गेले आणि पंखा बंद करून आले. थंडी वाजत होती त्यांना. चर्च सुटल्यावर पप्पा त्यांना म्हणाले, "काका, पुढच्या रविवारी तुम्हाला बांधूनच ठेवतो."

घरी आलो तर मावशींचा फोन. अहमदपूरला आज पुकार झालीच नाही. सु. उपासनेआधी त्यांच्या पाळकसाहेबांकडे गेला आणि म्हणाला, आमची नावं वाचू नका.

पप्पांनी फक्त विचारलं, "आपल्याला न सांगता?"

मी त्याला फोन केला नाही. त्यानेही केला नाही. सबंध दुपार लग्नाची पांढरी साडी पलंगावर पसरलेली होती, ब्लाऊजला लेस लावायची म्हणून मम्मीने काढली होती. मी घडी करून ठेवून दिली. लेस तशीच.

सोम. २४

केला फोन. भांडले. आठवतंय तेवढं लिहिते, नाहीतर उद्या मलाच वाटेल मी जास्त बोलले.

मी : अडवायचीच होती तर पहिलीच अडवायची. पहिली वाचू दिलीस, मग दुसरी अडवलीस. माझ्या बापाला चर्चमध्ये लोक काय विचारतील?

तो : शेरॉन, लग्नाचं काय घेऊन बसलीस? शनिवारी खरं लग्न हाय. प्रभूचं, त्या कोकऱ्याचं. आपुन समदे त्याची नवरी.

मी : स्वर्गातल्या लग्नाची पत्रिका आली म्हणून इथली फाडायची?

तो मग हळू आवाजात, "तुला भ्या वाटत न्हाई का गं?"

मी म्हटलं, नाही. फोन ठेवला. खोटं बोलले.

मंगळ. २५

भीती वाटते. लिहूनच टाकते.

आज रक्त काढताना पेशंटपेक्षा माझाच हात गार. घरी येताना गोदावरीच्या पुलावर ऑटो थांबला होता तेव्हा आभाळाकडे बघितलं. साधं, धुळकट, कावळे. तरी बघत राहिले. ऑटोवाला म्हणाला, "क्या देख रहे मॅडम, पतंग?"

मग गुडघे टेकून प्रार्थनेला बसले तर तोंडून काय आलं, 'प्रभू ये, पण सत्तावीस डिसेंबरनंतर ये.' ऐकलं स्वतःचं आणि लाज वाटली. लहानपणापासून म्हणतेय, तुझं राज्य येवो. आणि तो खरोखर आला दारात, तर मी म्हणणार, जरा थांब, माझी हळद आहे? मला प्रभू हवाय की सुहास? दोघं हवेत. दोघांचंही काही ठरत नाहीये.

मम्मी म्हणाली, "शनिवारपर्यंत थांबू या का? बांगड्यावाल्याला पुढच्या आठवड्यात बोलवू." म्हणजे तीही थांबलीये. घरात पप्पा सोडून सगळेच थांबलेत. पप्पांनी आज नळाचा वॉशर बदलला.

बुध. २६

लॅबमधून थेट पाळकसाहेबांकडे. ते चर्चच्या आवारात पत्र्यांचं माप घेत होते. पाठोपाठ फिरत सगळं सांगितलं. त्यांना अहमदपूरहून कळलंच होतं.

विचारलं, "साहेब, प्रभू येणार आहे की नाही?"

"येनार आहे."

"शनिवारी?"

"ते देवबापानं त्याच्या लेकालाबी सांगितलं न्हाई, मला कुठून सांगनार?" मग टेप गुंडाळत म्हणाले, "हा रविवार नाताळाआधीच्या आगमनकाळाचा पहिला. दर साली मी उभा राहून सांगतो, जागे राहा, तो येतोय. आन् दर साली पावसाळ्याआधी हे पत्रे बदलायचं ठरवतो. बायको म्हनते, तुमचा तुमच्या उपदेशावर विश्वास न्हाई. मला तर दोन्ही खरं वाटतं बाई."

तिसऱ्या पुकारीचं विचारलं. म्हणाले, एका मंडळीत वाचून दुसऱ्या मंडळीत अडली तर तिचा उपयोग नाही. वेळ फार गेला तर दोन्हीकडे पहिल्यापासून. पण नावं तुझीही आहेत. रविवारी सकाळी घंटेआधी सांग, वाचू की नको.

मला वाटलं होतं ते समजावतील. त्यांनी माझ्यावरच टाकलं. यायला-जायला दोन ऑटो बदलले आणि उत्तर घेऊन आले हे.

गुरु. २७

सुट्टी टाकली. अहमदपूरला गेले. लोहा गावानंतर खिडकीपाशी जागा मिळाली. दोन्ही बाजूंना सोयाबीन काढलेली काळी रानं, कुठे हरभरा उगवलेला. उगवणाऱ्या कशालाच कोणी शनिवारचं सांगितलेलं दिसत नव्हतं.

रांग खरंच होती. एक म्हातारी मला म्हणाली, "लाईनीत ये गं पोरी, समद्यास्नी मिळतंय." मी पुढे गेले तर सु. नळाखाली जार धरून उभा. दाढी वाढलेली, गाल बसलेले, शर्टाची गळपट्टी सैल. मला बघून हसला, आणि माझं ठरवून आणलेलं सगळं भांडण तसंच राहिलं. त्याला राग येईल असंच बोलायचं ठरवून गेले होते मी.

मागे जारांच्या ढिगाऱ्याजवळ बसलो. मावशींनी चहा दिला, त्याने घेतला नाही, उपास.

म्हटलं, "शनिवारी काय करणार?"

"आम्ही धा-बारा जन माळावर बसनार. प्रार्थनेत. तू पन ये."

"आणि तो नाही आला तर? रविवारी सकाळी काय करशील?"

"असं विचारायचं नसतं."

"मी विचारतेय."

बराच वेळ जारांची झाकणं एकमेकांत बसवत राहिला. मग म्हणाला, "पप्पाला मी पाहिलंच न्हाई शेरॉन." कोविडमध्ये गेले ते, लातूरला दवाखान्यात. हे मला माहीत होतं. पुढचं नव्हतं. "प्लास्टिकात गुंडाळून आनलं. लांब उभं केलं आमाला. मी म्हनलं तोंड तरी दावा. म्हनले परमिशन न्हाई. मी माती टाकली पन कुनावर टाकली ते पाहिलं न्हाई. ब्रदर म्हनतो, आधी मेलेले उठनार. आमच्या आधी. शनिवारी पप्पा उठनार, अन् मी बस्त्याला, मंडपाला फिरत बसू?"

दर रविवारी मी उभी राहून सगळ्यांबरोबर मोठ्याने म्हणते की मेलेले उठतील. कधी थबकले नाही त्या ओळीवर. जिभेला सवय. सुहासने ती ओळ खरी धरली. फक्त तिला वार लावला.

त्याचा हात धरला. रांगेतल्या बाया बघत होत्या, बघू देत.

निघताना म्हणाला, "येशील का माळावर?" मी म्हटलं नाही. "मला तुझे पप्पा उठायला हवेत. पण त्या ब्रदरच्या सांगण्यावर नाही." त्याने मान हलवली, म्हणजे हो की नाही ते समजलं नाही. एसटीत भरपूर रडले. शेजारच्या बाईने काही न विचारता शेंगा दिल्या.

शुक्र. २८

काही लिहिण्यासारखं नाही. प्रज्ञाताईने विचारलं, उद्या आहेस ना? आज ती हसली नाही. म्हणाली, "तुझ्या त्या पोराला जप गं. मानूस गेल्यावर कुनाला काय धरावं वाटंल, सांगता येत न्हाई."

शनि. २९

ड्युटी केली. गर्दी होती. रिपोर्ट घाईने मागणारे तेच, बिलावरून वाद घालणारे तेच. दर अर्ध्या तासाने खिडकीकडे जात होते, प्रज्ञाताई बघून न बघितल्यासारखं करत होती.

चारला घरी आले. मम्मी नाताळची साडी नेसून, केस विंचरून, बायबल मांडीवर घेऊन पुढच्या खोलीत. स्वयंपाकघर झाडून पुसून कोरडं. संध्याकाळसाठी काही भिजवलेलं नाही, काही चिरलेलं नाही. पप्पा बाजारातून वांगी घेऊन आले. मम्मीने त्यांच्याकडे असं बघितलं, जणू वांगी आणणं पाप आहे. पप्पा तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. मीही बसले. तिघं. कोणी कोणाशी बोललं नाही, पण असे एकत्र कधी बसलो होतो शेवटचे? भीती होती, आणि खरं म्हणजे बरंही वाटत होतं.

उन्हं भिंतीवरून गेली. समोरच्या घरात दिवा लागला. कुठेतरी अजान झाली.

मम्मी म्हणाली, "खिचडी टाकू का?"

पप्पा म्हणाले, "वांगी आनलीत."

ती आत गेली. भाजी चिरता चिरता रडत होती. मी विचारलं, वाईट वाटलं का? म्हणाली, "सुटल्यासारखं वाटलं, म्हणून रडतेय. असं वाटायला नको ना गं?" मी तिला माझी सत्तावीस डिसेंबरची प्रार्थना सांगितली. आधी तोंडावर पदर धरला, मग हसायला लागली, मग दोघी.

मग मावशींचा फोन. सगळे माळावरून उतरले, सु. उतरत नाही. ब्रदरचा नवा व्हिडिओ आलाय, हिशेबात थोडी चूक होती, नवीन तारीख लवकरच सांगतो. बाकीच्यांनी मान डोलावली आणि घरी गेले. सु.ने ऐकलं, मोबाईल बाजूला ठेवला आणि तसाच बसून राहिला. मावशींनी घोंगडी नेऊन अंगावर टाकली, आणि स्वतःही तिथेच बसून फोन करत होत्या. म्हणाल्या, "मी हाय इथं. तू काळजी नको करू. नुसतं सांगावं वाटलं."

मी एवढ्या लांबून काय करू? मघाशी हसले म्हणून आता अपराधी वाटतंय.

रवि. ३०

घंटेआधी पाळकसाहेबांच्या खोलीत गेले. म्हटलं, वाचा.

"अहमदपूरचं काय?"

"माहीत नाही."

"तरी वाचू?"

"वाचा."

तिसरी पुकार. उपदेशाआधी. 'कोणाची हरकत असल्यास.' दानिएलकाका खोकलेसुद्धा नाहीत. चर्चमध्ये सगळ्यांना कळलेलं आहे, लपत नाही इथे काही. ती शांतता मागच्या दोन्हींपेक्षा लांब वाटली. मला वाटलं होतं लाज वाटेल. नाही वाटली. खाली बघायचं असतं ते मी विसरले, सरळ समोर बघत होते. मग सगळे उठलो आणि दर रविवारचा विश्वासांगीकार म्हटला. मेलेल्यांच्या ओळीवर आले आणि थबकले, पप्पांनी माझ्या वाटणीचं मोठ्याने म्हटलं.

दुपारी सु.चा फोन आला. घरी आहे. आंघोळ केली, भात खाल्ला. आवाज आजाऱ्यासारखा.

"पप्पा आले न्हाईत," म्हणाला.

मी म्हटलं, "येतील."

"कधी?"

"माहीत नाही."

"तू पन न्हाई सांगू शकत."

"नाही. पण मानते."

मी सांगितलं, इथे तिसरी वाचली आज. तो म्हणाला, "कामून वाचू दिलीस? मी तोंड दावायच्या लायकीचा ऱ्हायलो न्हाई. अख्खं गाव हसायलंय." मी म्हटलं, हसू दे, पाणी त्यांनीच प्यायलंय. हसला नाही. नव्या तारखेचं विचारायचं होतं, मानतोस का म्हणून. धीर झाला नाही. म्हणाला, मला झोपायचंय, आणि ठेवला.

सात तारखेला आणि चौदाला तिकडे दुसरी नि तिसरी वाचली तर अजूनही वेळेत बसतं. तो त्यांच्या पाळकसाहेबांना सांगेल की नाही, त्याने सांगितलं नाही. पप्पा म्हणाले, फोन करून विचारून घे. मम्मी म्हणाली, मावशींकडून कळेल. नको. पुढच्या रविवारी पहिल्या एसटीने अहमदपूरला जाणार आहे, कोणाला न कळवता. मागच्या बाकावर बसेन. नावं वाचली तर ऐकेन. नाही वाचली तर उपासना पूर्ण करून येईन, आणि त्याच्या पुढच्या रविवारी परत जाईन.